जुनेच भाग

संध्याकाळ झाली की आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुठल्यातरी घरातून माझाच आवाज येतो आणि माझं डोकं फिरतं. एका जपानी कार्टूनमधल्या खोडकर पोराला हिंदीत आवाज माझा आहे. आमच्या डबिंगच्या धंद्यात लहान पोरांचे आवाज बहुतेक बायकाच देतात. त्या पोराच्या आईचा आवाज माझ्या मैत्रिणीचा. ती भांडुपला राहते. अंधेरीच्या स्टुडिओत माइकसमोर आम्ही मायलेक असायचो आणि खाली टपरीवर चहा पिताना परत मैत्रिणी.

तिकडे जपानात ती गोष्ट केव्हाच पुढे गेली. पोरगा मोठा झाला, घर सोडून निघाला, आईने त्याला दारात निरोप दिला. आमचं चॅनल मात्र तेच जुने भाग रवंथ करत बसलंय. "तो दाराचा सीन मलाच करायचाय हां," मैत्रीण म्हणायची. "दुसऱ्या कुणी केला ना, तर बघ!"

मग तिच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मी तडक चॅनलच्या साहेबाकडे गेले. पुढचे भाग घ्या, तिचा आवाज आहे तोवर घ्या, असं अक्षरशः हात जोडून सांगितलं.

"मॅडम, नवीन कशाला घ्यायचं?" तो शांतपणे म्हणाला. "याचे हक्क आपल्याकडे आहेत, डबिंग झालेलं आहे. थोड्या वर्षांत बघणारी पोरं बदलतात. त्यांना जुनं पण नवीनच ना!"

त्याचं गणित बरोबर होतं, म्हणूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरं बदलतात, मान्य. पण आवाज देणाऱ्या माणसाला गळा एकच असतो, हे त्या एसी केबिनमध्ये कुणाच्या गावीही नव्हतं. मी तोंडाला येईल ते बोलले आणि निघाले. मैत्रिणीला कळलं तेव्हा ती माझ्यावरच ओरडली, "येडी आहेस काय गं? आपलं कामपण घालवशील!" ते तिचं मला शेवटचं ओरडणं.

ऑपरेशननंतर तिच्या घरी गेले, तर टीव्हीवर तेच चालू. पडद्यावरची आई तिच्या आवाजात पोराला जेवायला हाका मारत होती. मी चिडून बंद करायला रिमोट उचलला. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

जन्मभर आम्ही दुसऱ्यांच्या हलत्या ओठांवर आपला आवाज बसवला. आता ती स्वतःच्या जुन्या आवाजावर ओठ हलवत होती, एक शब्द न चुकता. मग पोराचं उलट उत्तर आलं, माझ्या आवाजात. तिने माझ्याकडे वळून डोळे वटारले.

मी रिमोट खाली ठेवला. ते जुने भाग बंद होऊ नयेत, असं आता मलाच वाटतं, आणि त्याचाच राग अजून जात नाही.