क्लचपासून दोन बोटं

मुलांनो, हे मी आजवर कोणाजवळही बोललेले नाही. तुमच्या आईजवळ नाही, माझ्या सख्ख्या बहिणीजवळही नाही. आज लिहायला बसले आणि दोनदा पेन खाली ठेवलं — मी, जी हातात घेतलेलं काम कधी अर्धं सोडत नाही.

चिनू, गेल्या पत्रात तू विचारलंस, आजोबांच्या पायाचा आजार आपल्या घराण्यात आणखी कोणाला होता का? तिकडच्या डॉक्टरांनी विचारलं म्हणून. ते वाचून मी सुन्न झाले. मला वाटत होतं, हे माझ्याबरोबरच संपेल. आणि ते तर तुझ्या तब्येतीच्या कागदापर्यंत जाऊन पोचलं?

आधी मोटारीचं सांगते. आजोबांची ती जुनी विलायती मोटार तुमच्या आईपेक्षा वयानं मोठी. ऐंशी साल उलटल्यावर, वकिली सोडल्यानंतर, त्यांची पाठ धरू लागली आणि त्या खचलेल्या सीटवर बसणं अवघड झालं. आमचे मेकॅनिक रफीकभाई राजिवड्याचे. त्यांचा भाऊ कुवेतला होता. त्यानं तिथल्या भंगारातून एका मोठ्या गाडीच्या दोन सीटा पाठवल्या, विजेवर पुढेमागे सरकणाऱ्या.

रफीकभाई आठवडाभर आमच्या अंगणात खपत होते. सीटा उंच, आजोबांचं डोकं छताला टेकायचं. मग सीटांचे खालचे पाय कापले, तळाला लोखंडी पट्ट्या मारल्या, बॅटरीपासून जाड वायर ओढली.

“वहिनी, आता सायबांनी नुसतं बोट लावायचं,” ते म्हणाले. “मी एक घरी नेणार होतो, पण बायको म्हणते, आधीच बसलात की उठत नाही.”

जुन्या सीटला खाचा होत्या. दांडा ओढला की खट् — तिसरी खाच आजोबांची. नव्या सीटला खाचच नव्हती. बारीक गुणगुणत ती कुठेही थांबायची, केसभर पुढे, केसभर मागे. आजोबांनी ती एकदा हवी तशी लावून घेतली आणि पुन्हा बटणाला हात लावला नाही.

दर गुरुवारी ते पालीला मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जात. एकदा मी बरोबर होते. हातखंब्याच्या पुढे एका वळणावर समोरचा ट्रक त्यांना जरा उशिरा दिसला. वाचलो. तेव्हाच म्हणायला हवं होतं ना — मला भीती वाटते, डोळे तपासून घ्या? कदाचित नव्या चष्म्यानं भागलं असतं. सभेत उभी राहून इंग्रजीत बोलणारी मी, नवऱ्याला हे एक वाक्य सांगू शकले नाही. आणि नुसती भीतीच होती का? नाही. गुरुवारचं रिकामं घर मला आवडत नव्हतं. तेही लिहून ठेवते.

मोटार आतून पुसायचं काम माझं. एका बुधवारी फडकं फिरवताना बटण दाबलं गेलं आणि सीट थोडी मागे सरकली. खरंच चुकून. दुसऱ्या दिवशी आजोबा पालीहून आले आणि म्हणाले, “आज क्लच जड लागला.”

आणि पुढच्या बुधवारी — बटण मी दाबलं. त्याच्या पुढच्या बुधवारीही. आणि आणखी एकदा. चार वेळचं मिळून जेमतेम दोन बोटं अंतर.

चौथ्या गुरुवारी ते वाटेतूनच परतले. पायरीवर बसून डावा गुडघा चोळत राहिले.

“अगं, तू सीटला हात लावलास का?”

“नाही. मी कशाला लावू?”

किती सहज बोलले मी. आवाज जराही हलला नाही. त्या आवाजाचा धक्का मला अजून बसतो.

ते हसले. “तू म्हणतेस म्हणजे नसेलच. या घरात चमचा हलला तरी तू सांगतेस.”

त्यांनी रफीकभाईंना बोलावलं. रफीकभाईंनी सगळं उघडून पाहिलं. “वकीलसाहेब, ही आपोआप सरकायची नाही. भूत आलं तरी त्याला बटण दाबावं लागेल. पुढे घेऊन देऊ का?”

“म्हणजे माझा पायच कमी पडतोय. आज सीट पुढे घेशील,” आजोबा म्हणाले. “उद्या ऐन घाटात पाय आणखी मागे पडला, तर?” आणि किल्ली माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सीट पूर्ववत केली. ते त्या सीटवर पुन्हा कधी बसले नाहीत.

मला हवं होतं ते झालं, आता हे इथेच थांबेल, असं मी धरून चालले होते. त्या पायाचं मात्र तिथे थांबलं नाही. आधी काठी आली. मग ते पाय ओढू लागले. वापर नाही, म्हणून पोटरी खरंच वाळत गेली — माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या एका ‘नाही’मुळे. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसा उत्तम आहेत, चाला, फिरा. परतताना एसटीत आजोबा म्हणाले, “चांगला माणूस आहे. धीर देतो.” मी शेजारीच होते. त्यांचे सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून माझ्या मांडीवर. साखरपा गेलं, पाली गेली, हातखंबा गेला. काय अवघड होतं? एवढंच तर म्हणायचं होतं — सीट मी सरकवली.

चिनू, तुझ्या कागदावर ‘नाही’ असं लिही. आजोबांना पायाचा कोणताही आजार नव्हता.

त्यानंतर ते सहा वर्षं जगले. शेवटच्या दुखण्यात एका दुपारी त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, “माझ्या या पायामुळे तुझे फार हाल झाले. मनात ठेवू नकोस.”

मी म्हटलं, “असू दे.”