वाऱ्यानं शेंदलेलं पाणी

हल्ली टीव्हीवर शहाणी माणसं तावातावानं भांडतात, की देशाची वीज वाऱ्याच्या भरवशावर चालवावी का, आणि ऐनवेळी वारा पडला तर करायचं काय. मला हसू येतं. हा वाद आमच्या आसेगावकडच्या खेड्यात सत्तरच्या दशकातच होऊन गेला. तेव्हा तो जास्त रंगला होता, कारण भांडणाऱ्यांचे घसे कोरडे होते.

मी नवी सून होते. आमची बौद्ध वस्ती गावाच्या उगवतीला. वारा येतो मावळतीकडून. तो गावावरून आमच्याकडे यावा, आमच्या अंगावरून गावात जाऊ नये, अशी सोय जुन्या लोकांनी करून ठेवली होती. वाऱ्याचा एवढा अभ्यास कुठल्या इंजिनियरनंही केला नसेल. त्यामुळे पवनचक्की बसवून दाखवणारी कुठल्याशा संस्थेची माणसं जागा शोधत आली, तेव्हा उघड्या माळावरची आमचीच विहीर त्यांच्या मनात भरली. लोखंडी मनोरा उभा राहिला, वर पत्र्याची पाती बसली. वारा असला की पंप चाले आणि पाइपातून हौदात पाणी पडे. वारा पडला की सगळं ठप्प. म्हणून सासूबाईंनी विहिरीवरचं चाक आणि दोर काही काढू दिला नाही. "वारा का आपला सालभर बांधलेला सालदार हाय, रोज कामावर यायले?" असं त्यांनी त्या माणसांना तोंडावर विचारलं.

गाव आम्हाला हसलं. गावच्या विहिरीवर नुकतीच विजेची मोटर बसली होती आणि तिची ऐट विचारू नका. रहाट मोडून टाकला, विहिरीच्या तोंडावर स्लॅब घातला, पाइपापुरतं भोक ठेवलं. कोणाची बादली चुकून आत जायला नको. पाटलांनी त्या स्लॅबवर स्वतः उभं राहून पाणी मारून घेतलं. आमच्या माणसांना ते येता-जाता विचारत, "काहो, आज वारा कामावर आला का?" वीज कुठून तरी लांबून तारांवरून येते म्हणून ती पक्की, आणि वारा रोज अंगाला लागतो म्हणून तो कच्चा, असा त्यांचा हिशेब.

उन्हाळ्यात गावचा ट्रान्सफॉर्मर जळला. नवा आज येतो, उद्या येतो, असं चाललं. स्लॅबखाली पाणी होतं आणि स्लॅबवर तहानलेलं गाव. तो फोडा म्हणायची कोणाची छाती होईना, कारण तो पाटलांचा. राहिली आमची विहीर. पण आमचं पाणी प्यायचं कसं? तोडगा पाटलांनीच काढला. "ते पानी कोनी मानूस शेंदत नाई. वारा शेंदते. वाऱ्याले कोनची जात?"

वाऱ्याला जात नसते हे त्यांना तहान लागल्यावर कळलं. आमची वस्ती कुठं टाकायची हे ठरवताना बरं आठवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गावच्या बायका आमच्या माळावर. हौदातलं पाणी चालत नव्हतं. थेट पाइपाच्या तोंडाखाली पितळी गुंड धरायचा. मी जवळ गेले की म्हणत, "जराशी सरकून उभी राय वं." आमच्याच विहिरीवर! माझं डोकं फिरायचं. सासूबाई म्हणत, "भरू दे. तान लागलेल्याले आपन नाई म्हनत नाई."

आणि मग एक दिवस वारा पडला. सकाळपासून पातं हलेना. बायका माना वर करून मनोऱ्याकडे बघत बसल्या. आम्ही सासू-सुना त्यांच्या डोळ्यांदेखत दोरानं पाणी शेंदून भरत होतो. विहीर तीच, पाणी तेच, फक्त हात आमचे. उन्हं चढली तशा त्या एकेक करून रिकाम्या गेल्या. राहिल्या एकट्या पाटलीणबाई. त्यांची लेक बाळंतपणाला आलेली, घरात ओली बाळंतीण आणि रांजण कोरडा. त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, बादलीकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "टाक वं पोरी मह्या गुंडात. लेकीच्या घशाले कोरड पडली."

सासूबाईंचं अर्धं आयुष्य गावच्या विहिरीपाशी खाली मडकं धरून गेलं होतं. वरून कोणी ओतायचं, तेही शिंतोडा उडणार नाही इतक्या उंचावरून. मी विचारलं, "वरून टाकू का जवळून?"

सासूबाई माझ्यावर डोळे वटारत होत्या. पाटलीणबाई खाली बघत म्हणाल्या, "कशीबी टाक, माय."

मी जवळून ओतलं, गुंड काठोकाठ भरेपर्यंत. राग तसाच होता, पण पाणी बाळंतिणीचं होतं.

पुढचं आम्हाला पाटलांच्याच सालदारानं सांगितलं. तो आमच्या वस्तीतला, तेव्हा अंगणात बसला होता. गुंड पाहून पाटलांनी बायकोला विचारलं, "कोनं शेंदलं?"

"वाऱ्यानं," त्या म्हणाल्या.

दिवसभर दारच्या लिंबाचं पान हललं नव्हतं. पाटलांनी एकदा लिंबाकडं पाहिलं, एकदा गुंडाकडं. मग म्हणाले, "वारा भरोशाचा निंगाला," आणि तांब्या तोंडाला लावला.