सतरा नंबरचा तडा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत अडतीस वर्षं होते. त्या अडतीस वर्षांत त्यांच्या बुटाला माती लागली ती एकदाच. कुठल्यातरी उद्घाटनासाठी साइटवर आले होते आणि गाडीतून उतरताना पाय चिखलात गेला. पुढचा आठवडाभर ते त्या बुटाबद्दलच बोलत होते. ते यंत्र विभागाचे अधिकारी. कंपनीची साठ-सत्तर मशिनं, पोकलेन, डोझर, रोलर, सगळी त्यांच्या ताब्यात होती, म्हणजे त्यांच्या फायलींत होती. मी त्याच कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. मी मशिनच्या खाली आणि ते मशिनच्या कागदांवर, अशी आमची वाटणी होती.

निवृत्त झाल्यावर माणसं बागेत फिरतात, नाहीतर गुडघे दुखतात म्हणून घरी बसतात. दाजींनी प्लॅस्टिकची मशिनं जोडायला घेतली. मागची छोटी खोली त्यासाठी रिकामी झाली. टेबलावर वाकणारा दिवा, भिंग, दाढी करायच्या पात्यापेक्षा धारदार चाकू, नाना तऱ्हेचे चिमटे, आणि रंग फवारायचा एक छोटा पंप, जो सुरू झाला की ताईला स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही. खोक्यातून प्लॅस्टिकच्या चौकटी निघायच्या, त्यांना चिकटलेले शेकडो तुकडे. एकेक कापायचा, घासायचा, चिकटवायचा. चेनचे दुवेच शंभराच्या वर. दोन महिन्यांत हातभर लांबीचं पिवळंधमक पोकलेन उभं राहायचं.

आणि मग त्याला जुनं करायचं. दाजींच्या मते खरी कला तीच. आधी गंजाचा रंग, त्यावर केसांना मारतात तो स्प्रे, त्यावर पिवळा, आणि तो वाळला की ओल्या ब्रशने हळूहळू खरवडायचा, म्हणजे खालचा गंज डोकावतो. स्पंजच्या तुकड्याने पोपडे. पातळ तैलरंगाने तेलाचे ओघळ. रंगीत पूड चोळून धूळ. ज्या माणसाने जन्मभर मशिनची धूळ नाकावर रुमाल धरून पाहिली, तो आता श्वास रोखून, जीभ दाताखाली धरून, तीच धूळ सुईच्या टोकाने लावत बसायचा.

मी गेलो की मला गंजावर व्याख्यान. मला, ज्याच्या नखांतलं ग्रीस अजून निघालेलं नाही. ताजा गंज नारिंगी असतो, जुना तपकिरी, पाणी मुरलेला काळपट, असं ते सांगायचे. मी हं हं करायचो. एकदा मात्र राहवलं नाही. त्यांनी बकेटच्या, म्हणजे माती उपसणाऱ्या खोऱ्याच्या, दातांवर सुरेख गंज चढवला होता. मी म्हणालो, चालू मशिनचे दात कधी गंजत नाहीत, मातीत घासून चांदीसारखे चमकतात; गंजतात ते उभ्या मशिनचे. दाजींनी वही काढली आणि ते लिहून घेतलं. इतक्या वर्षांत मी सांगितलेली एखादी गोष्ट त्यांनी लिहून घेतली ती ही पहिलीच.

आधीच्या एका गोष्टीबद्दल सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी आमचं सतरा नंबरचं पोकलेन सिमेंटचा पाईप उचलताना बूममधून तुटलं. बूम म्हणजे त्याचा मोठा हात. पाईप खड्ड्यात कोसळला. खड्ड्यात त्या वेळी कोणी नव्हतं म्हणून निभावलं. मशिनवर पैलवान होता. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. पण हात असा हलका की बकेटच्या दाताने जमिनीवरची काडेपेटी ढकलून दाखवायचा. बूममधून कुरकुर येते असं त्याने महिनाभरात दोनदा सांगितलं होतं. मशिन वर्कशॉपला आणा म्हणून मी चिठ्ठी पाठवली होती. दाजींनी तिच्यावर ‘काम संपल्यावर’ असं लिहून ती परत केली होती.

बूम तुटल्यावर चौकशी झाली ती कागदावरच. मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं की तड्याच्या आत गंज आहे, म्हणजे तडा आधीचाच, पैलवानाचा काही दोष नाही. दाजी मान वर न करता म्हणाले, “गंज काय, सगळ्याच मशिनला असतो.” अहवालात लिहिलं, क्षमतेपेक्षा जास्त वजन उचललं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. खाली त्यांची सही. त्याखाली मेकॅनिकची लागते, ती मी केली. ताईचा नवरा होता, आणि मलाही नोकरी टिकवायची होती. याहून बरं कारण मला अजून सापडलेलं नाही.

पैलवानाला काढलं. त्या दिवशी तो पिऊन होता अशी आवई कुणीतरी उठवली आणि ती त्याच्या आधी प्रत्येक साइटवर पोचत राहिली. मशिन कुणी हातात दिलं नाही. आता तो एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगला असतो. गाडी आली की बटण दाबायचं, दांडा वर जातो. पुन्हा दाबायचं, खाली येतो.

गेल्या वर्षी मॉडेल बनवणाऱ्यांचं प्रदर्शन आणि स्पर्धा होती. दाजींनी सहा महिने डोळ्यांत तेल घालून एक पोकलेन केलं आणि मला दाखवायला बोलावलं. वरचं कापड त्यांनी अशा थाटात काढलं की मी टाळ्या वाजवाव्यात. तुटलेल्या बूमचं मशिन होतं. बाजूला पांढऱ्या रंगात आकडा, सतरा.

“आपलंच,” दाजी म्हणाले. “अपघाताचे फोटो होते माझ्याकडे. तुटलेलं मशिन परीक्षकांना आवडतं.” मग माझ्या हातात भिंग देऊन ते तड्याकडे वळले. “हे बघ. आतला भाग जवळजवळ काळा. चार थर दिलेत. तडा जुना होता ना, वर्षभर तरी पाणी मुरलं असणार. आणि ही शेवटची कड चकचकीत, तेवढीच त्या दिवशी तुटली.”

मी विचारलं, “हे तुम्हाला कधी कळलं?”

“फोटो मोठे करून पाहिले तेव्हा. तीन महिने झाले असतील.”

“आणि पैलवान?”

त्यांनी भिंग माझ्याकडून परत घेतलं, शर्टाच्या टोकाने पुसलं आणि म्हणाले की तो विषय आता जुना झाला, उकरून कुणाचं भलं होणार? मग चकचकीत कड जरा जास्तच चमकते का, असं त्यांनी मला मनापासून विचारलं. तीन महिने या माणसाला माहीत होतं. तीन महिने तो त्या तड्यात ब्रश फिरवत होता, आणि त्याला काळजी होती ती चमक जास्त झाली का याची.

मी पार्किंगवर गेलो आणि पैलवानाला सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. त्याने दोन गाड्या आत सोडल्या. मग प्रदर्शन किती वाजेपर्यंत उघडं असतं ते विचारलं.

एका शाळेच्या सभागृहात टेबलं मांडली होती. विमानं, रणगाडे, जहाजं. दाजी इस्त्रीच्या शर्टात, छातीला बिल्ला लावून, आपल्या टेबलापाशी उभे. मागे खुर्चीवर ताई. पैलवान कामावरून तसाच गणवेशात आला होता. मी जरा मागे थांबलो. तो हात पाठीमागे बांधून मशिन बघत राहिला. सीटचा फाटका कोपरासुद्धा दाखवलाय, असं पुटपुटला.

दाजींनी त्याला ओळखलं नाही. ओळखणार कसे? ज्याची नोकरी घेतली त्याचं तोंड त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, पाहिलं होतं ते कागदावरचं नाव. गिऱ्हाईक मिळाल्यासारखे ते खुलले आणि गंजाचे थर, मुरलेलं पाणी, ताजी कड, सगळं साग्रसंगीत सांगायला लागले. पैलवानाने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे ऑपरेटरची चूक नव्हती?” त्याने विचारलं.

“छे,” दाजी भरात म्हणाले, “तो बिचारा काय करणार? बूम आधीच गेला होता.”

“तो ऑपरेटर मी, साहेब.”

दाजींचा हात मशिनकडे दाखवत तसाच हवेत राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग परीक्षक कुठे आहेत ते पाहिलं. पहिली काळजी परीक्षकांचीच. मग त्यांनी आवाज खाली आणून सुरुवात केली की अशा गोष्टी इथे बोलण्यासारख्या नाहीत, घरी या, बसू, चहा घेऊ.

ताई उठली. प्रत्येक मॉडेलजवळ त्याची माहिती लिहिलेलं एक कार्ड ठेवायचं असा तिथला नियम होता. तिने ते कार्ड उचललं, उलटं केलं, दाजींच्या खिशातलं पेन काढून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, “आत्ता बोललात तेच लिहा.”

दाजींनी लिहिलं. अडतीस वर्षांची सवय ती, लिहिलं असं की तडा जुना होता, ऑपरेटरचा दोष नव्हता, चौकशीच्या वेळी ही बाब लक्षात आली नाही. ताईने वाचलं आणि विचारलं, “कुणाच्या?” त्यांनी वर बारीक अक्षरात ‘माझ्या’ असं घुसडलं. पैलवानाने सही आणि तारीख मागितली. सही मात्र जुन्याच झोकात झाली, शेपटीसकट. मग पैलवानाने पेन माझ्यापुढे धरलं. मीही केली.

कार्ड खिशात घालून तो निघून गेला. अर्ध्या तासाने परीक्षक आले. कार्ड नाही म्हणून त्यांनी सतरा नंबर तपासलाच नाही. दाजी दुसरं कार्ड मागायला आयोजकांकडे धावले, तोवर वेळ संपली होती. घरी जाताना गाडीत ते फक्त एवढंच म्हणाले की निदान परीक्षण होईपर्यंत तरी थांबायला हवं होतं. ताईने खिडकीची काच खाली केली आणि बाहेर बघत बसली.

त्या कार्डाने पैलवानाला मशिन परत मिळालं नाही. पंचावन्नच्या ऑपरेटरला कोण घेतो? पण त्याने ते बायकोला वाचायला दिलं. दहा वर्षं तिने एका शब्दाने विचारलं नव्हतं, आणि ती आवई खरी मानते की नाही ते त्याला कधी कळलं नव्हतं. तिने वाचलं, दोन्ही सह्या कुणाच्या ते विचारलं, आणि म्हणाली, “मला वाटायचं तू पिऊन होतास.” हे त्याने मला पार्किंगवर सांगितलं. सांगताना हसत होता, पण मागे गाडी येऊन थांबली तरी त्याने बटण दाबलं नाही.

दाजी सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. माझ्यामुळे बक्षीस गेलं असं त्यांनी नातेवाइकांत सांगितलं. या वर्षी त्यांनी बाजूचा सतरा खरवडून तिथे दुसरा आकडा घातला, त्याच्यावर थोडी धूळ चोळली, आणि तेच पोकलेन पुन्हा स्पर्धेत ठेवलं. कार्डावर लिहिलं होतं, ‘यंत्र काल्पनिक आहे.’ दुसरं बक्षीस मिळालं. बक्षीस समारंभाला मी गेलो नाही. ताईही गेली नाही.