'नाई' आणि रामटेके सर

परवा रामटेके सर मेले.

'काळाच्या पडद्याआड' वगैरे मी लिहिणार नाई. तासिकेवर शिकवणाऱ्यानं सुटी घेतली की तास दुसऱ्याले जातो. म्हणून सरनं ताप अंगावर काढला, अन् मेले.

कालपासून शाळेच्या संस्थेच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी येऊन राह्यले. सतरा वर्षं ज्यांनी सरले परमनंट केलं नाई, त्यांनीच टाकलेले. शाबास!

सर कोण होते ते कळाचं असन तर माझी गोष्ट ऐका.

आम्ही गोंड. बाबा मोहफुलं वेचणारे. मले पहिलीत घालाले शाळेच्या ऑफिसात पहिल्यांदाच पाय ठेवला. बाहेरून बदलून आलेला बाबू रजिस्टर उघडून बसला होता.

"जातीचा दाखला आहे?"

"नाई."

बाबूनं जातीच्या रकान्यात लिहिलं: नाई.

झालं! हिंदीत न्हाव्याले नाई म्हणतात, तेवढं त्याले माहीत. आमच्या इकडं 'नाही'ले नाई म्हणतात, ते माहीत नाई. बाबांले वाचता येत नव्हतं. त्यांनी अंगठा दिला अन् वरून हातही जोडले.

पुढं बारावीपर्यंत ते कोणी पाहिलंच नाई.

बारावीत सरच्या बायोलॉजीच्या जोरावर मले बी.एस्सी. नर्सिंगची सीट मिळाली. फक्त जात पडताळणीचं प्रमाणपत्र द्यायचं होतं. पडताळणीच्या ऑफिसातल्या साहेबानं शाळेची नोंद पाहिली अन् हसला.

"बापाचं सलून कुठं आहे?"

मले काही समजलंच नाई. सोबत आलेल्या सरले समजलं.

"साहेब, नाई म्हणजे नाही! नो! एन-ओ!"

"लिहिलंय ते लिहिलंय," साहेब म्हणाला.

सरनं माझ्या आज्याचे जुने कागद हुडकले. गावातल्या चार म्हाताऱ्यांले साक्षीले घेऊन गडचिरोलीच्या बसमध्ये चढले. एक आजी बसमध्ये ओकली, तर सरनं आपल्या रुमालानं पुसलं. शेवटी दुरुस्ती झाली. प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा ॲडमिशनची मुदत संपून नऊ दिवस झाले होते.

नऊ दिवस!

पुढच्या वर्षी बाबा अंथरुणाले खिळले, अन् माझं राहूनच गेलं. त्यांनी मरेपर्यंत कोणत्याच ऑफिसात 'नाई' म्हटलं नाई. नुसती मान हलवत.

मी नर्स नाई. मी ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान चालवते.

प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशी बसस्टँडवर सर म्हणाले होते, "पोरी, चूक माझी आहे. तुझी नोंद मी बारावीत पाहिली. नववीतच पाहाले पाहिजे होती."

तेव्हापासून दरवर्षी ते नववीच्या एकेकाले रजिस्टरमधली स्वतःची ओळ मोठ्यानं वाचाले लावत. नाव, जात, जन्मतारीख. चूक सापडली की पोराले घेऊन थेट माझ्या दुकानात. अन् सगळ्यांकडून एकच घोकून घेत:

"बाबूनं काय लिहिलं ते वाचल्याशिवाय खिडकीवरून हलाचं नाई!"

त्यातल्या दोघी आज नर्स आहेत. एक पोरगा आयटीआय करून कोरपन्याकडं सिमेंट कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. मले त्यांचा राग येतो. खोटं काऊन बोलू? येतो. मग माझीच मले लाज वाटते.

आज दुपारी काकूंसोबत, म्हणजे सरच्या बायकोसोबत, मृत्यूची नोंद कराले गेली.

बाबूनं विचारलं, "नोकरी होती का?"

काकूंचे डोळे वाहून राह्यले होते. त्या म्हणाल्या, "परमनंट नाई..."

बाबूनं व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं: निरंक.

मी वाचलं. माझं डोस्कंच फिरलं.

"हे खोडा."

"ताई, तासिकेवाल्याले नोकरीत धरत नाई."

"रकान्यात नोकरी नाई, व्यवसाय आहे. शिक्षक लिहा."

"मागं लाईन लागली ना, ताई."

"लागू द्या."

मागचे लोक कुरकुरले. एकजण तर चक्क शिवी पुटपुटला. मी हलली नाई. शेवटी बाबूनं खोडलं, अन् लिहिलं. मी मोठ्यानं वाचलं, नववीतल्या पोरीवानी.

व्यवसाय: शिक्षक.

मग हलली.

सर बल्लारपूरचे, बौद्ध. रस्त्यात भेटले की ते मले आमचं गोंडांचं 'जय सेवा' म्हणत अन् मी त्यांले 'जय भीम'. आता माझ्या 'जय भीम'ले उत्तर येणार नाई.

तरी जय भीम, सर. तुमची ओळ मी वाचून घेतली.