लेकीच्या खोलीतली खोप

माझ्या बहिणीने कल्याणला नवं घर घेतलं तेव्हा तिच्या मुलीची खोली डिझायनरकडून करून घेतली. घराच्या आकाराचा पलंग, त्यावर नुसत्या लाकडी दांड्यांचं उतरतं छप्पर, भोवती पांढरी जाळी, भिंतीवर ढग, बारीक दिव्यांची माळ. माझी लेक पहिलीपासून त्या घरात राहून शिकत होती. टोकावड्याजवळच्या आमच्या गावात तिचं शिक्षण व्हायचं नाही, असं तेव्हा मलाच वाटलं होतं. चौथी संपत आली तशी मात्र मला करमेना. पाचवीला तिला मुरबाडच्या शाळेत घालून घरी आणायचं मी मनाशी पक्कं केलं. नवरा म्हणाला, "जबरदस्ती करायची नाय. सुट्टीत येईल तवा विचारू. ती बोलेल तसं."

विचारायच्या आधी लालूच दाखवणं आलंच. तसली खोली सोडून पोर भाताच्या पोत्यांशेजारी झोपायला कशी येईल? मी बहिणीकडून फोटो मागवले. नवऱ्याने कपाळाला हात लावला. पण पोती ओटीवर गेली, फवारणीचा पंप गोठ्यात गेला आणि खोली रिकामी झाली.

मुरबाडच्या रंगाच्या दुकानात कुणीतरी परत केलेला निळ्या रंगाचा डबा अर्ध्या किमतीत मिळाला. तो का परत केला होता ते भिंतीला लावल्यावर कळलं. इतका गडद, की भर दुपारी खोलीत संध्याकाळ झाली. त्यावर मी स्पंजने पांढरे ढग उठवले. नवरा बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "फ्लॉवर बरा आलाय यंदा." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. पुस्तकांसाठी आंब्याच्या पेट्या भिंतीला ठोकल्या. दिव्यांची माळ गणपतीतली होतीच.

राहिला पलंग. फोटो सासऱ्यांना दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"ही तर खोप हाय गो," ते म्हणाले. "शेतात राखणीला घालतो तशी. याला डिझायनर कशाला लागतोय?"

"मग कराल, आबा?"

"नातीसाठी नाय करणार तर कोनासाठी? पन आता नाय. होळी झाली, चांदनं उतरलं का मग बांबू तोडू. चांदन्यात तोडलेल्याला भुंगा लागतो. काळोख्या पंधरवड्यातला बांबू घरापेक्षा जास्त टिकतो."

होळी चार दिवसांवर होती. म्हणजे अजून दोन आठवडे थांबायचं, वर तोडलेला बांबू महिनाभर पाण्यात बुडवून ठेवायचा. मला कुठला दम निघतोय! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत. आबा दुसऱ्या गावी लग्नाला गेले तेवढ्यात मी शेजाऱ्याकडून बांबूच्या बेटातले दहा बांबू तोडून आणवले. परत आल्यावर आबांनी बांबूंकडे पाहिलं, मग आभाळातल्या चंद्राकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन बसले आणि चार दिवसांत अशी देखणी खोप उभी केली की गावातल्या बायका बघायला आल्या. वर मच्छरदाणी सोडली. मी खोपीचे फोटो काढून बहिणीला पाठवले, एक नाही, अकरा.

सुट्टी लागली आणि लेक आली. खोलीच्या दारात थांबली, भिंतीवरून हात फिरवला आणि सरळ खोपीत शिरली. त्या दिवशी जेवलीसुद्धा तिथेच. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. पण शाळेबद्दल ती काही बोलली नाही, आणि तोंडघशी पडायच्या भीतीने मीही विचारलं नाही.

दहाएक दिवसांनी सकाळी ती उठून आली तर केसांत, गालावर, फ्रॉकवर पिवळट पीठ. पांढऱ्या चादरीवर त्याच्या लहान लहान राशी. बांबूला कान लावला, तर आत कुरकुर चाललेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"सांगितलं व्हतं," एवढंच आबा म्हणाले. मग त्यांनी खोप सुटी केली. ते बांबू काकडीच्या मांडवाला गेले. अमावास्या जवळ आली तसे ते नातीला घेऊन बेटात गेले, नवे बांबू तोडले आणि दोघांनी ते ओढ्याच्या डोहात दगडांखाली दाबून ठेवले.

त्या दिवशी रिकाम्या खोलीत तिचं अंथरूण घालताना माझी चिडचिड होत होती. बहिणीचा फोन येऊन गेला होता. तिकडच्या शाळेची फी भरायची का, एवढंच तिला विचारायचं होतं.

"महिनाभर खाली झोपावं लागेल गं," मी म्हटलं. "तुला तिकडेच बरं वाटत असेल तर तसं सांग. मी रागावणार नाही."

"मग आबा खोप कोणासाठी करणार?" तिने विचारलं.

मी उशीला अभ्रा घालत राहिले.

"मला नाय जायचं," ती चादरीचं टोक ओढून सरळ करत म्हणाली. "इथला पलंग माझा असणार आहे. तिकडचा ताईचा आहे. मी तिकडं पण खालीच झोपते."

तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. चादर नीट झाली का ते बघत होती.

चार वर्षं मी रोज फोनवर तिला विचारत होते, जेवलीस का, अभ्यास झाला का, केस कोणी विंचरले. कुठे झोपतेस, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.