टाइल फुटणारच

चंदीगडला आमच्या सेक्टरात जो प्लंबर येतो, तो प्रत्येक कामाची सुरुवात अपशकुनानं करतो. साधा वॉशर बदलायचा असला तरी आधी मान हलवून म्हणणार, "नहीं होगा जी." मग चहा मागणार आणि काम चोख करून जाणार. एकदाच तो हसत "हो जाएगा" म्हणाला होता. त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात घोटाभर पाणी झालं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा स्टुलावर बसून आंघोळ करायला लागले. नळ समोरच्या भिंतीला, तिथवर त्यांचा हात पुरेना. मग पाणी मी घालायचे आणि ते मान खाली घालून बसायचे. शेवटी स्टुलाजवळच्या भिंतीत नवा नळ बसवायचं ठरवलं. घर भाड्याचं, आणि त्या भिंतीवरच्या टाइल्स आता कुठे मिळत नाहीत.

प्लंबरनं भिंतीवर टकटक केलं. "टूटेगी जी. पक्का टूटेगी." मग बाबांना हाक मारली, "बाऊजी, ज़रा बैठो." कपड्यांसकट त्यांना स्टुलावर बसवून हात लांब करायला लावला, आणि बोटं टेकली तिथेच पेन्सिलीनं फुली मारली.

ड्रिल चालू असेपर्यंत तो "गई, गई" करत होता. टाइलला तडासुद्धा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बघायला आला, तेव्हा बाबा आत होते. दाराला आतून कडी होती आणि पाण्याचा आवाज येत होता. त्यानं दाराला कान लावला, मान हलवली.

"लीक करेगा जी, देख लेना."

माझा जीव भांड्यात पडला.