धूर न काढणारा आगवाला

लेक शाळेतून आली ती दप्तर टाकून रडायलाच लागली. काय झालं विचारलं तर बोलली, जुन्या लढाईवर प्रोजेक्ट आहे, तिच्या वाट्याला जर्मनीचं विमान आलंय, आणि टीचरने सांगितलंय की आपल्या घरचं कोणी त्या लढाईत असेल तर त्याचं पण सांगा. आयांना पण बोलावलंय. तिच्या बाजूला बसते त्या मुलीचा पणजोबा फौजेत अफसर होता, बंदूक घेतलेला फोटो आहे म्हणे त्याचा.

"आपलं कोण होतं, अम्मी?"

"कोणी नाय गो," मी बोलले. खरं म्हणजे आयांना बोलावलंय एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. मी आठवीपर्यंत शिकलेली, शाळेच्या गेटवर वॉचमनने काय विचारलं तरी माझी छाती धडधडते, तिथे सगळ्या इंग्लिश बोलणाऱ्या बाया.

विमान मात्र तिने मन लावून काढलं. चार पंख्यांचं, लांबलचक, कॉन्डोर नाव. मी भाकऱ्या थापायची आणि ती अर्धं इंग्लिश अर्धं आपलं करून मला ऐकवायची. आधी ते पॅसेंजर न्यायला बनवलेलं, लढाई लागली तशी त्याच्यात बॉम्ब भरले. आत आत दर्यात जायचं, बोटी शोधायचं, सापडल्या की पाणबुड्यांना खबर द्यायचं, नायतर स्वतःच बॉम्ब टाकायचं. पण उतरताना जोरात आपटलं तर कमरेत मोडायचं. ते सांगताना तिला हसू यायचं.

जुम्म्याला आम्ही दर्यावर मासे भाजायला गेलो. नवरा इथे आखातात रुसैलच्या फॅक्टरीत, त्याला तेवढीच सुट्टी. त्याने सगळी लाकडं एकदम शेगडीत कोंबली, काळा धूर उठला, आणि माझ्या तोंडातून निघूनच गेलं, "अवो, कमी टाका, इमान येल!"

लेकीने मान वर केली. "कुठलं विमान?"

आमच्या गावच्या घरात चुलीतून धूर आला की सगळ्या बाया असंच ओरडायच्या. दादीने मला चूल शिकवली ती असंच ओरडून, थोडं थोडं घाल, पसरून घाल, हवा खेळू दे. तिचा बाप इंग्रजांच्या बोटीवर आगवाला होता, खाली बॉयलरला कोळसा घालायचा. लढाईत त्यांना सक्त हुकूम असायचा, धूर काढायचा नाय, धूर दिसला की जर्मनचं विमान येणार. घरी आला तरी त्याची सवय गेली नाय, चुलीतून धूर आला की हा 'इमान येल' ओरडत चुलीकडे धावायचा. हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ते विमान आणि पोरीच्या चार्टवरचं विमान, ते जोडायला माझं डोकंच चाललं नव्हतं.

"म्हणजे कोळसेवाला बोल ना सरळ," नवरा हसला.

"कोल मॅन?" लेक बोलली, आणि तिचा चेहरा उतरला. बंदूकवाल्या अफसरासमोर आमचा काळाकुट्ट माणूस, कोण सांगेल? मी बोलले, "नको सांगू, बाय. विमानाचंच सांग."

ती बोलली, "करून दाखव."

मी लाकडं बाहेर ओढली, थोडीच ठेवली, अंतर सोडून. धूर विरळ झाला, मंग नुसती झळ. तिने स्वतः एक लाकूड लावलं, आणि किती तरी वेळ वर आभाळात बघत राहिली. मासे करपले.

शाळेत मी सगळ्यात पाठी बसले, अबाया मुठीत धरून. लेकीने विमानाचं सगळं सांगितलं, न अडखळता. झालं, संपलं, अल्ला, सुटले मी असं वाटलं. तर ती चार्ट खाली ठेवून इंग्लिशमध्ये बोलायला लागली, आणि मला त्यातलं कोल कळलं, स्मोक कळलं. हाताने ती कोळसा घालायची ॲक्शन करत होती, फावडं धरून, पसरून, अगदी दादीसारखी. मला वाटलं आता पोरं हसतील.

टीचरने काय तरी विचारलं. मंग सगळ्यांसमोर, जी पोर दुकानात पण लाजून माझ्याशी इंग्लिशच बोलते, ती आपल्या भाषेत बोलली, "अम्मी, त्याने विमान बघितलं होतं काय?"

सगळी डोकी पाठी वळली.

"नाय गो," मी बोलले, "तो खाली असायचा ना. त्याला फक्त आवाज यायचा. वरचे पळायचे, याने आग सोडायची नाय. आग सोडली तर बोट थांबणार."

तिने ते इंग्लिशमध्ये सांगितलं, छाती काढून, जसा काय तो तिने सांभाळून ठेवलेला माणूस. आणखी हात वर झाले. त्या अफसरवाल्या मुलीचा पण.

"ती विचारते, मग बोट बुडाली काय?"

"नाय बुडाली. घरी आला तो."

"मोठ्याने बोल, अम्मी," लेक पुढून ओरडली, "इथे ऐकू येत नाय!"